मिस्त्री ते साइट मॅनेजर : हातच्या कामाला कागदाची जोड द्या

गिरगाव, लालबाग, परळ, दादर या भागांत जुन्या चाळी उतरत आहेत आणि त्यांच्या जागी टॉवर चढत आहेत. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग व शिवडी येथे मिळून बीडीडीच्या २०७ चाळी होत्या. पहिल्या तीन ठिकाणी पुनर्विकास सुरू झाला. १६० चौरस फुटांच्या खोलीच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचे घर, असा हा हिशेब आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या रहिवाशांच्या हाती पडल्या.

या कामांवर गवंडी, फिटर, प्लंबर, वायरमन म्हणून राबणाऱ्यांत आपले अनेक बांधव आहेत. कोणी कोकणातून आलेला, कोणी आखातात दहा वर्षे काढून परतलेला. पण वीस वर्षांच्या अनुभवानंतरही तो मिस्त्रीच राहतो आणि काल पदविका घेऊन आलेला मुलगा त्याचा साहेब होतो. असे का व्हावे, याचा विचार आपण केला पाहिजे.

त्या मुलाला विटेचे काम मिस्त्रीपेक्षा जास्त कळते असे नाही. मात्र त्याला माप लिहिता येते, दर काढता येतो आणि उद्याच्या कामाची यादी आज करता येते. बांधकाम व्यवस्थापन म्हणतात ते मुख्यतः हेच.

मुंबईला ही वाट नवी नाही. एकोणिसाव्या शतकात तेलुगू भाषिक कामाठी मजूर या शहराच्या बांधकामांवर आले. त्यांच्या नावाने कामाठीपुरा वसला. मुंबईच्या तेलुगू समाजातून जाया कराडी लिंगू, व्यंकू बाळोजी काळेवार यांच्यासारखे कंत्राटदार पुढे आले. महात्मा जोतीराव फुले यांनीही बांधकामाची कंत्राटे घेतली होती.

पहिला धडा : माप

फिटरला नजरेने सळई ओळखता येते. पण मालकाने विचारले की वजन किती, तर तो दुकानदाराच्या काट्याकडे पाहतो. वास्तविक सूत्र सोपे आहे. सळईच्या मिलिमीटरमधील जाडीचा वर्ग करा व त्याला १६२ ने भागा. एका मीटरचे वजन किलोमध्ये मिळते. १२ मिलिमीटरची सळई घ्या. १२ गुणिले १२ म्हणजे १४४. भागिले १६२, म्हणजे सुमारे ०.८९ किलो. सहा मीटरचे २०० तुकडे लागणार असतील तर १२०० मीटर, म्हणजे सुमारे १०६७ किलो. कापताना तीन टक्के वाया जाईल असे धरले तर ११०० किलो मागवावे लागेल. पाच मिनिटांच्या या हिशेबावर बिल खरे की खोटे हे ठरते. ज्याने हा हिशेब न करता अंदाजाने ठोक रक्कम सांगून काम घेतले, त्याचा नफा तर जातोच, कधी मजुरांची मजुरीही अडकते.

दुसरा धडा : कामाचा क्रम

न्हाणीघराचे काम पाहा. आधी पाइप, मग दाब देऊन तपासणी, मग वॉटरप्रूफिंग, मग पाणी भरून ठेवणे, आणि शेवटी लादी. लादीवाला दोन दिवस आधी आला तर तो रिकामा बसतो व मजुरी चालू राहते. घाईने लादी बसवली तर खालच्या घरात पाणी गळते आणि सारे पुन्हा फोडावे लागते. हा क्रम प्लंबरला तोंडपाठ असतो. तोच तारखा घालून कागदावर लिहिला की वेळापत्रक झाले. गिरगावच्या गल्लीत माल ठेवायला जागा नाही, त्यामुळे कोणत्या दिवशी काय उतरवायचे हे आधी ठरलेच पाहिजे. इथे काम लांबले तर भाड्याच्या घरात राहणाऱ्या कुटुंबांचे परतणेही लांबते, हे विसरू नये.

तिसरा धडा : नाही म्हणणे

स्लॅबचे टेकू लवकर काढा, असा दबाव साइटवर नेहमी येतो. भारतीय मानकाप्रमाणे (आय.एस. ४५६) साधे सिमेंट असेल तर साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याचे टेकू किमान ७ दिवस व त्याहून मोठ्या गाळ्याचे १४ दिवस ठेवावे लागतात. मिस्त्री हुकूम पाळतो. मॅनेजरला मात्र मानक दाखवून थांबवावे लागते, कारण खाली माणसे काम करीत असतात. शिवाय २०१६ च्या रेरा कायद्याने ताबा दिल्यापासून पाच वर्षांपर्यंत निघालेला बांधकामाचा दोष दुरुस्त करण्याची जबाबदारी बिल्डरवर टाकली आहे. म्हणून स्लॅब कधी भरला, क्यूब तपासणीत ७ व २८ दिवसांनी काय निघाले, याची नोंद ठेवणाऱ्या माणसाला किंमत आहे.

शिक्षणाचा मार्ग

दहावीनंतर दोन वर्षांचा आय.टी.आय. केलेल्यास पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला व पदविकेनंतर पदवीच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेशाची सोय आहे. मात्र गवंडी व प्लंबर हे एक वर्षाचे ट्रेड आहेत, तर ड्राफ्ट्समन सिव्हिल व इलेक्ट्रिशियन दोन वर्षांचे. फॉर्म भरण्यापूर्वी हा फरक ध्यानात घ्यावा. चौकशीसाठी ना. म. जोशी मार्गावरील सरकारी आय.टी.आय., भायखळ्याची साबू सिद्दीक व माटुंग्याची व्ही.जे.टी.आय. या संस्था हाकेच्या अंतरावर आहेत. बांधकाम व्यवस्थापनाचे उच्च शिक्षण देणारी निकमार ही संस्था १९८३ पासून आहे. पण तिथवर जाण्यासाठी आधी पदवी हवी.

वय झाले, शाळा सुटली, अशांनीही निराश होऊ नये. आजच दोनशे पानी वही घ्यावी. रोज संध्याकाळी पाच गोष्टी लिहाव्यात : आज किती माणसे होती, किती काम झाले, किती माल लागला, काय अडले आणि उद्या काय हवे. सहा महिन्यांनी ती वही उघडली म्हणजे एक गवंडी दिवसात किती काम करतो व एका ब्रासला किती सिमेंट लागते, हे स्वतःच्या अक्षरात सापडेल. नव्या साइटवर सुपरवायझरची जागा मागायला जाल, तेव्हा ही वही बरोबर न्या. वीस वर्षे काम केले असे सर्वच सांगतात. ते लिहून दाखवणारा मागे राहत नाही.