बढती डावलली, तक्रार केली तर व्हिसा जाईल?

प्रश्न: मी मूळची सांगलीची, इंग्लंडमध्ये बँड ५ या सुरुवातीच्या वेतनश्रेणीत नर्स आहे. रात्रपाळ्या सतत माझ्याच वाट्याला. बढती मात्र मी शिकवलेल्या स्थानिक मुलींना. तक्रार करू का?

उत्तर: जरूर करा. निव्वळ तक्रारीमुळे व्हिसा रद्द होत नाही. २०१० च्या समानता कायद्यानुसार वर्ण, वंश वा राष्ट्रीयत्वावरून दुजाभाव बेकायदा आहे, आणि तक्रारीचा सूड उगवणंही. व्हिसाचं प्रायोजकत्व रुग्णालयाच्या हातात, म्हणून तुमची भीती रास्तच आहे. पण नर्सिंग कौन्सिलची नोंदणी तुमची स्वतःची आहे. नवा प्रायोजक मिळवून नोकरी बदलता येते. पाळ्यांची वेळापत्रकं, बढती नाकारल्याची लेखी कारणं तारखेनिशी जपा. रुग्णालयाची अंतर्गत चौकशी चालू असली तरी रोजगार लवादाकडे दाद मागण्याची मुदत थांबत नाही, आणि ती मोजक्या महिन्यांचीच असते. चौकशीच्या निकालाची वाट न पाहता याच आठवड्यात युनियनशी आणि ‘एकास’ या सरकारी सल्लासंस्थेशी बोला.