टाकीचा पूर्वेतिहास आणि प्रवाळ

खाऱ्या पाण्याच्या घरगुती टाक्यांचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात: जिच्यात केवळ मासे ठेवले जातात ती मत्स्यटाकी, आणि जिच्यात माशांच्या जोडीला प्रवाळ, कोळंबी, समुद्रपुष्पे असे अपृष्ठवंशी, म्हणजे पाठीचा कणा नसलेले, जीव नांदतात ती प्रवाळटाकी. दोन्हींतले पाणी दिसायला सारखेच असते, समुद्राप्रमाणे दर किलो पाण्यामागे 35 ग्रॅमच्या आसपास क्षार दोन्हींत चालतात, आणि म्हणूनच पहिलीची दुसरी करायची तर दिवे बदलून चार प्रवाळ आणले की झाले, असा समज सहज होतो. हा समज महागात पडतो. कारण माशांचा जीव वाचवण्यासाठी टाकीत पूर्वी जे ओतले गेले असेल, तेच पुढे प्रवाळांच्या जिवावर उठू शकते.

याचे सर्वांत घातक उदाहरण तांब्याचे आहे. क्रिप्टोकॅरिऑन या एकपेशीय परजीवीमुळे सागरी माशांना पांढऱ्या ठिपक्यांचा रोग होतो. हा परजीवी माशाच्या कातडीत वाढतो, नंतर गळून वाळूवर किंवा दगडावर स्वतःभोवती कोष करतो आणि त्या कोषातून शेकडो सूक्ष्म जीव पोहत बाहेर पडून नवा मासा शोधतात. तांब्याचे क्षार या पोहणाऱ्या अवस्थेला मारतात. द्राक्षबागांत बोर्डो मिश्रणासाठी जे मोरचूद वापरले जाते, तेच निळे लवण या औषधांपैकी अनेकांचा आधार असते. लिटरमागे 0.15 ते 0.20 मिलिग्रॅम मुक्त तांबे मासे सहन करतात, मात्र कोळंबी आणि प्रवाळ यांना त्याहून पुष्कळ कमी मात्राही मारक ठरते. शिवाय टाकीतील दगड व वाळू बहुधा कॅल्शियम कार्बोनेटची, म्हणजे चुनखडीच्या जातीची, असल्याने ती पाण्यातले तांबे धरून ठेवतात आणि पाण्याची आम्लता वाढेल तेव्हा ते थोडेथोडे सोडत राहतात. त्यामुळे पाण्याच्या चाचणीत शून्य दिसले तरी दगड निर्धोक आहे असे मानता येत नाही.

प्रस्तुत लेखकाच्या पुण्यातील 90 लिटरच्या टाकीत नेमके हेच घडले. दोन क्लाउनफिशवर ठिपके दिसताच औषध थेट त्याच टाकीत घातले गेले, मासे वाचले, पाणी अनेकदा बदलले गेले, आणि दीड वर्षानंतर टाकीत प्रवाळ लावण्याचे ठरले तेव्हा त्या औषधाची आठवणही कोणाला उरली नव्हती. आणलेल्या दोन कोळंब्या तिसऱ्या दिवशी मेल्या. मशरूम प्रवाळ आक्रसत गेले आणि विरघळल्यासारखे नाहीसे झाले. प्रथम दिव्यांना दोष दिला गेला, मग मिठाला. दोन्ही बदलूनही फरक पडला नाही, आणि त्या तीन महिन्यांत जे जीव गेले ते टाळता आले असते. अखेरीस सर्व दगड व वाळू काढून टाकून टाकी नव्याने उभारावी लागली.

म्हणून औषधोपचार नेहमी वेगळ्या, तीस-चाळीस लिटरच्या, तळाशी वाळू नसलेल्या टाकीत करावा, माशांना लपण्यासाठी तीत पीव्हीसी नळीचे तुकडे ठेवावेत, आणि त्या काळात मुख्य टाकी सुमारे 11 आठवडे माशांविना चालू ठेवावी, म्हणजे यजमान न मिळाल्याने परजीवी आपोआप संपतो. जुनी टाकी विकत घेताना तिच्यात कोणकोणती औषधे पडली हे विचारावे. उत्तर डळमळीत असेल तर काच तेवढी ठेवून बाकी सर्व बदलावे. नव्या दगडांवर जीवाणूंची वसाहत होऊन माशांच्या मलमूत्रातील अमोनियाचे नायट्राइटमध्ये व नायट्राइटचे नायट्रेटमध्ये रूपांतर नियमित होण्यास काही आठवडे लागतात, आणि तोवर प्रवाळ आणू नयेत.

लहान टाकीत आणखी एक अडचण असते. बाष्पीभवनात फक्त पाणी उडते, मीठ मागे राहते. 90 लिटरांतून 3 लिटर उडाले की क्षारता 35 वरून 36 च्या वर जाते, म्हणून रोज भर घालायची ती गोड्या पाण्याची, खाऱ्या नव्हे. हे पाणी आरओ यंत्राचे असावे, पण स्वयंपाकघरातल्या बऱ्याच यंत्रांत चवीसाठी काही नळाचे पाणी परत मिसळले जाते, ही गोष्ट फारशी लक्षात घेतली जात नाही. त्या मिसळलेल्या पाण्यातून फॉस्फेट आले की शेवाळ माजते. तापमान 24 ते 26 अंश सेल्सियस राखणे हे एप्रिल-मेमध्ये पंख्याशिवाय किंवा शीतक यंत्राशिवाय जमत नाही. पाणी दीर्घकाळ तापले तर प्रवाळांच्या पेशींत राहून त्यांना अन्न पुरवणारी सूक्ष्म शैवाले बाहेर फेकली जातात आणि प्रवाळ पांढरे पडतात. वीज गेल्यावर हवा पुरवणारा बॅटरीवरचा पंप घरात असलाच पाहिजे.

राहिला प्रश्न प्रवाळ आणायचे कोठून. भारतात 2001 पासून सर्व कठीण, खडक रचणारे प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ आणि समुद्रपंखे यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 अन्वये अनुसूची 1 चे, म्हणजे वाघाइतके, संरक्षण आहे. ‘जिवंत दगड’ म्हणून विकला जाणारा तुकडाही अनेकदा मृत प्रवाळाचा सांगाडाच असतो. त्याऐवजी कृत्रिम, कोरडा दगड घ्यावा. मशरूम व झोअँथिड हे कठीण प्रवाळांत मोडत नाहीत आणि नवशिक्याला तेच झेपतात, तरीही विक्रेत्याकडे पावती व जीवाचे मूळ ठिकाण मागावे आणि शंका असल्यास वनखात्याकडे चौकशी करावी. मालवणच्या पाण्यात बुडी मारणाऱ्याने तेथील प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणूनही उचलू नये, आणि कोणी तसा तुकडा टाकीसाठी विकायला पुढे केला, तर कृपया तो घेऊ नये.