इंजिनांची तूट व कारखान्याची शक्ति : एक धडा

मोटारी बांधणाऱ्या कारखान्यास इंजिनें अपुरीं पडलीं, या गोष्टीशीं आपला काय संबंध, असें वाचक विचारतील. परंतु ज्यांस मळणीयंत्र, गुऱ्हाळ अथवा शीतगृह कर्ज काढून उभारावयाचें आहे, त्यांस हा इतिहास मननीय वाटेल, अशी आमची समजूत आहे.

जून २०१० मध्यें सरकारनें पेट्रोलच्या दरावरील नियंत्रण उठविलें. डिझेलचा दर मात्र बांधलेलाच राहिला. दोहोंच्या भावांतील अंतर वाढत गेलें व गिऱ्हाईक डिझेलच्या मोटारींकडे वळलें. मारुती सुझुकीच्या मोटारींसाठीं मूळ फियाटच्या रचनेचें, १२४८ घनसेंटिमीटरचें इंजिन हरियाणांतील मानेसर येथें तयार होत असे. तेथील शक्ति वर्षास सुमारें ३ लक्ष इंजिनांची, ती पुरेना. इंजिनाचा नवा कारखाना एका हंगामांत उभा राहत नाहीं. त्याच्या भागांच्या मापांत केसाइतकीही चूक चालत नाहीं, आणि एक भाग अडला कीं सारें काम अडतें. म्हणून जानेवारी २०१२ मध्यें करार झाला कीं, पुणें जिल्ह्यांतील रांजणगांवच्या फियाट कारखान्यांतून तीन वर्षें, वर्षास १ लक्षपर्यंत इंजिनें घ्यावीं.

पुढें वारें फिरलें. ऑक्टोबर २०१४ मध्यें डिझेलचा दरही मुक्त झाला. १ एप्रिल २०२० पासून धुरासंबंधींचे बी. एस. ६ नियम लागू झाले. त्या नियमांत बसणारें लहान डिझेल इंजिन फार महाग पडूं लागलें, आणि मारुती सुझुकीनें डिझेलच्या मोटारी करणेंच सोडलें.

यावरून तीन गोष्टी ध्यानांत घ्याव्या. पहिली, सरकारी हुकुमानें वाढलेली मागणी हुकुमानेंच ओसरते. निर्यातबंदीनें कांद्याचा भाव कसा कोसळतो, हें आपणांस ठाऊकच आहे. दुसरी, नवें यंत्र घेण्यापूर्वीं शेजारच्या गांवचें यंत्र ठराविक मुदतीच्या करारानें मिळतें काय, हें पाहावें. तिसरी, शक्ति मोजावयाची ती सर्वांत अरुंद जागीं. चरक मोठा घेतला, पण कढई एकच असली, तर तोडलेला ऊस वाळत पडतो.

हा हिशेब कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वींच करावा. मागणी ओसरली तरी हप्ता ओसरत नाहीं.