मधुमेह आणि आपली भाकरी

"साखर वर्ज्य केली, तरी मधुमेह हटत नाहीं," अशी तक्रार पुष्कळ लोक करितात. तिचें कारण ताटांतच आहे. भाकरी, भात व बटाटे ह्यांतील पिष्ट पचून त्याची साखरच होते आणि ती रक्तांत मिसळते. तिला पेशींत पोंचविणारें इन्शुलिन मधुमेह्याच्या शरीरांत अपुरें पडतें, अथवा त्याचा गुण येत नाहीं. म्हणून ती रक्तांत सांचते व पुढें डोळे, मूत्रपिंडें आणि पाय बिघडविते. गूळही ह्या बाबतींत साखरच होय. ह्यास्तव भाकरी सोडूं नये, मोजून खावी. जोडीस उसळ व पालेभाजी असावी, म्हणजे साखर सावकाश चढते. मात्र इन्शुलिन घेऊन उपाशी राहूं नये. साखर एकाएकीं उतरून घाम व कांपरें सुटल्यास, रोगी शुद्धीवर असतां, तीन चमचे साखर पाण्यांतून तत्काळ द्यावी. त्या वेळीं साखरच औषध होय.