आधी काम पाहा, मग शाखा निवडा

"सर, पोराले कोणत्या ब्रँचले टाकू? स्कोप कशाले हाय?" दहावी-बारावीचा निकाल लागला की आर्णीपासून झरी-जामणीपर्यंत कुठेही जा, पालक हेच विचारतात. त्यामागची काळजी खरी आहे. कोरडवाहू शेतीच्या घरात शिक्षणाला एकदाच पैसा उभा राहतो. तो चुकीच्या जागी गेला तर दुसऱ्यांदा उभा राहील याची खात्री नसते.

अशा वेळी मी आधी मुलाशी किंवा मुलीशी बोलतो. इंजिनीअर दिवसभर नेमके काय करतो, हे तू कधी पाहिले आहेस का? प्रयोगशाळेत संशोधक काय करतो, माहीत आहे का? बहुतेक वेळा उत्तर नाही असेच येते. डॉक्टर, शिक्षक, तलाठी, पोलीस ही माणसे मुलांनी लहानपणापासून जवळून पाहिलेली असतात. इंजिनीअर आणि शास्त्रज्ञ त्यांना मोबाइलच्या पडद्यावरच दिसतात. म्हणून शाखा निवडली जाते ती मित्राने काय घेतले यावरून, नाहीतर गेल्या वर्षीच्या कटऑफवरून. माझे म्हणणे साधे आहे. शाखा ठरवण्याआधी त्या शाखेचे काम डोळ्यांनी पाहा. आणि ते पाहायला पुण्या-मुंबईला जावे लागत नाही.

आपला यवतमाळ जिल्हा कापसाचा, तर जिनिंगपासूनच सुरुवात करू. ट्रॅक्टर-ट्रॉलीतून कापूस उतरतो आणि गाठ बांधून बाहेर पडतो, एवढेच आपण रस्त्यावरून पाहतो. आत गेलात तर दिसेल की शंभर किलो कापसातून साधारण तेहतीस ते पस्तीस किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. डबल रोलर जिनमध्ये रोलर आणि पातीमधले अंतर बिघडले तर धागा तुटतो आणि रुईचा भाव पडतो. ते अंतर सांभाळणे हे यंत्र अभियांत्रिकीचे काम. दिवसरात्र चालणाऱ्या मोटारींचा भार आणि वीजबिल हे विद्युत अभियांत्रिकीचे. कापसातली ओल किती, हे हाताच्या अंदाजाने न ठरवता उपकरणाने मोजायचे, तर ते इन्स्ट्रुमेंटेशनचे. रुईच्या धाग्याची लांबी, ताकद, बारीकपणा (मायक्रोनेअर) तपासणे हे वस्त्र तंत्रज्ञानाचे आणि सरकीतून तेल काढून ढेप वेगळी करणे हे रासायनिक तंत्रज्ञानाचे. 170 किलोची एक गाठ बांधली जाते तिच्यामागे एवढ्या शाखा उभ्या असतात. यवतमाळजवळ लोहारा एमआयडीसीत रेमंडचा डेनिमचा कारखाना आहे. यवतमाळच्या जवाहरलाल दर्डा अभियांत्रिकी महाविद्यालयात वस्त्र अभियांत्रिकी शिकवली जाते आणि नांदेडच्या श्री गुरू गोविंदसिंगजी संस्थेतही. कापूस पिकवणाऱ्या घरातल्या मुलांनी कापडाची विद्या टाळावी, याचे मला मनापासून वाईट वाटते.

कापसाचीच दुसरी बाजू विज्ञानाची आहे. बीटी कापूस भारतात 2002 साली आला. काही वर्षांत गुलाबी बोंडअळीने त्याला दाद देणे सोडले आणि 2017 च्या हंगामात ती आपल्याकडे उसळली. ही अळी बोंडात शिरून आतली सरकी खाते, त्यामुळे वरून मारलेले औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही. शेतकऱ्याला आधी न उमललेली डोमकळी दिसते, बाकीचे नुकसान बोंड फोडल्यावर कळते. त्याच वर्षी कापूस डोक्याच्या वर वाढला होता, फवारा अंगावर येत होता, संरक्षक कपडे नव्हते, औषधांची मिश्रणे मारली जात होती. जिल्ह्यात वीसेक शेतकरी-शेतमजूर विषबाधेने दगावले आणि शेकडो दवाखान्यात पोहोचले. ते दिवस आपण विसरू नयेत. त्यांतून मुलांनी काय शिकावे, तेही सांगायला हवे. अळीत प्रतिकारशक्ती कशी येते हे शोधणारा कीटकशास्त्रज्ञ, औषध शरीरात काय करते हे जाणणारा विषशास्त्रज्ञ, कामगंध सापळ्यातले रसायन बनवणारा रसायनशास्त्रज्ञ, उन्हातही अंगावर ठेवता येतील असे संरक्षक कपडे बनवणारा वस्त्रतज्ज्ञ, माणसाला विषापासून दूर ठेवणारा फवारणीचा ड्रोन बनवणारा अभियंता, हे सगळे लोक या जिल्ह्याला हवे आहेत. नागपूरला केंद्रीय कापूस संशोधन संस्था 1976 पासून आहे, अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे आणि त्याच विद्यापीठाचे कृषी जैवतंत्रज्ञान महाविद्यालय यवतमाळातच आहे. 'बीएस्सी करून काय होते' असे म्हणणाऱ्या पालकांनी ही नावे लक्षात ठेवावीत.

वणीकडच्या मुलांचे जग वेगळे. तिथे वेस्टर्न कोलफील्ड्सच्या (वेकोलि) कोळसा खाणी आहेत, चुनखडी आहे आणि मुकुटबनला बिर्ला कॉर्पोरेशनचा सिमेंट कारखाना 2022 साली सुरू झाला. सिमेंटच्या भट्टीत सुमारे 1450 अंश सेल्सियस तापमान सतत राखावे लागते. नियंत्रण कक्षात बसलेला अभियंता, दर काही तासांनी नमुना तपासणारा केमिस्ट आणि दगड कुठून किती काढायचा हे ठरवणारा खाण अभियंता मिळून ती भट्टी चालवतात. खाणीत ओव्हरमन, सर्व्हेअर, मॅनेजर या पदांना खाण सुरक्षा महासंचालनालयाचे सक्षमता प्रमाणपत्र लागते. ते पुढे पदविका-पदवी आणि अनुभवावर परीक्षा देऊन मिळवायचे असते. नागपूरच्या व्हीएनआयटीत खाण अभियांत्रिकीची पदवी आहे. काम कष्टाचे आणि जबाबदारीचे आहे हे मुलांना आधीच सांगा, पण दाराशी असलेली ही वाट लपवू नका.

स्थापत्य अभियांत्रिकीला उतरती कळा लागली असे सांगणाऱ्यांना मी वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेमार्ग दाखवतो. त्यातला वर्धा ते कळंब टप्पा फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाला. पुढचे भराव, पूल, स्थानके, वळणांची आखणी हे सगळे कुणीतरी शिकलेल्या माणसानेच करायचे आहे. आणि आपल्या मातीतून शिकलेला माणूस कुठवर जातो, तेही पाहा. आपल्या जुन्या शकुंतला रेल्वेच्या दुसऱ्या टोकाला, मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंबा गावात 1946 साली विजय भटकर जन्मले. नागपूरच्या विश्वेश्वरय्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले, पुढे दिल्लीच्या आयआयटीत पीएचडी केली. अमेरिका महासंगणक द्यायला तयार नव्हती तेव्हा त्यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅकने 1991 साली परम 8000 उभा केला. वऱ्हाडातल्या खेड्यातून निघालेल्या माणसाने हे केले, एवढे तरी प्रत्येक शाळेच्या फळ्यावर एकदा लिहिले जावे.

आता वाटा कोणत्या, ते सांगतो. दहावीनंतर पदविका ही मला आपल्या जिल्ह्यासाठी सर्वांत कमी समजलेली वाट वाटते. यवतमाळला शासकीय तंत्रनिकेतन आहे. प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो, प्रवेश परीक्षा नसते, अभ्यासक्रम तीन वर्षांचा. त्यानंतर नोकरी करता येते किंवा पदविकेच्या गुणांवर थेट पदवीच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, सीईटी द्यावी लागत नाही. ज्या मुलाचे हात यंत्रात रमतात आणि ज्याला अकरावी-बारावीच्या क्लासची धास्ती वाटते, त्याला ही वाट दाखवा. आयटीआय आणि त्यानंतरची शिकाऊ उमेदवारी यांनाही कमी लेखू नका.

बारावी विज्ञानानंतर पदवीला जायचे तर एमएचटी-सीईटी. गणित, भौतिक, रसायन मिळून 200 गुण, त्यातले 100 एकट्या गणिताचे, उणे गुण नाहीत. साधारण ऐंशी टक्के प्रश्न बारावीच्या आणि वीस टक्के अकरावीच्या अभ्यासक्रमावर. म्हणजे बोर्डाचे पुस्तक नीट समजले तर निम्मी लढाई तिथेच जिंकली. क्लाससाठी लातूरला किंवा नागपूरला पाठवायला कर्ज काढण्याआधी मुलाच्या अकरावीच्या गणिताची वही एकदा उघडून पाहा. सरावाची उदाहरणे मुलाने स्वतः सोडवलेली नसतील तर कोणत्याही शहरातला क्लास ती त्याच्यासाठी सोडवणार नाही.

महाविद्यालये जवळ आहेत. यवतमाळला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, पुसदचे बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी 1983 पासून आहे, अमरावतीला शासकीय महाविद्यालय आहे. उमरखेड-महागावच्या मुलांना नांदेड जवळ, वणी-मारेगावच्या मुलांना चंद्रपूर-नागपूर. निवडताना इमारत पाहू नका. तिसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठा आणि विचारा, प्रात्यक्षिके खरोखर होतात का, प्राध्यापक तासाला येतात का, गेल्या वर्षी किती जणांना कोणत्या कंपनीत किती पगारावर घेतले. कंपनीचे नाव आणि आकडा न सांगता 'शंभर टक्के प्लेसमेंट' म्हणणाऱ्या जाहिरातीवर निर्णय घेऊ नका.

संगणक अभियांत्रिकीविषयी वेगळे बोलायला हवे, कारण गर्दी तिथेच आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या बातम्यांनी पालक घाबरले आहेत, आणि गंमत अशी की घाबरूनही तीच शाखा मागतात. माझे मत स्पष्ट आहे. गणितात आणि तर्कात रमणाऱ्या मुलीने किंवा मुलाने ती जरूर घ्यावी. ज्याला प्रोग्रॅम लिहिण्याचा कंटाळा येतो, त्याला केवळ पगाराच्या आकड्यासाठी तिथे ढकलू नका. विद्युत किंवा यंत्र शाखेतला मुलगाही प्रोग्रॅमिंग शिकू शकतो, आणि मोटार कशी चालते हे जाणणारा प्रोग्रॅमर कारखान्याला जास्त हवा असतो.

शुद्ध विज्ञानाची आवड असेल तर पुण्याची आयसर ही संस्था आहे, तिची वेगळी प्रवेश परीक्षा असते. जवळच्या महाविद्यालयात बीएस्सी करून जॅम परीक्षेतून आयआयटीत एमएस्सीला जाता येते. बारावी बोर्डात वरच्या एक टक्क्यात येऊन मूलभूत विज्ञान घेणाऱ्यांसाठी केंद्राची इन्स्पायर शिष्यवृत्ती आहे, वर्षाला 80,000 रुपये.

पैशाची बाजू. 2024-25 पासून आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि इतर मागास वर्गातल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क राज्य शासन पूर्ण भरते. या वर्गांतल्या मुलीला फी परवडत नाही, हे कारण आता उरलेले नाही. मात्र प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या जागेला ही सवलत नाही, आणि इथेच घाईत फसगत होते. आदिवासी मुलांसाठी स्वयम, अनुसूचित जातींसाठी स्वाधार अशा राहण्या-जेवणाच्या योजना आहेत. जातवैधता, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेयर, रहिवासी प्रमाणपत्र ही कागदपत्रे अकरावीतच करायला घ्या. वैधतेच्या एका कागदापायी हाती आलेली जागा सुटते.

शेवटी एक विनंती पालकांना नाही, जिल्ह्यातल्या जिनिंगमालकांना, कारखान्यांना, महावितरण आणि पाटबंधारे खात्यातल्या अभियंत्यांना, कृषी संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांना. नोव्हेंबरात कापूस येऊ लागतो, जिनिंग सुरू होतात. हंगामात एक दिवस जवळच्या शाळेच्या नववी-दहावीच्या वर्गाला बोलवा, सुरक्षेची काळजी घेऊन आत न्या आणि तुम्ही काय काम करता ते मुलांना दाखवा. मुख्याध्यापकांनी त्यासाठीचे पत्र दिवाळीच्या सुट्टीआधीच पाठवावे.