चाळीस वेट की चारशे नंबर?

पुण्यात आरसी, म्हणजे रिमोट कंट्रोलच्या, गाड्या पळवणाऱ्यांच्या गप्पा शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या तेलावर आल्या की पहिला प्रश्न ठरलेला: "कितीचं घातलंयस?" उत्तरात नुसता आकडा येतो, कंपनीचं नाव नाही, एकक नाही. हे तेल हाताळताना जे पक्कं झालं, ते सांगतो.

१. 'वेट' सोडा, सीएसटी वाचा. सीएसटी, म्हणजेच सेंटिस्टोक, हे दाटपणाचं मोजमाप आहे. वेट प्रत्येक कंपनी आपापल्या परीने ठरवते. टीम असोसिएटेडचं ३० वेट ३५० सीएसटी, लोसीचं ३३८. चाळीसला तेच ५०० आणि ५१६. एवढा फरक मुरमाच्या प्लॉटवर कळतही नाही. मोठी गल्लत जपानी बाटलीपाशी होते. तामियाचं पिवळं तेल ४०० नंबरचं. ते संपलं म्हणून ४० वेट आणणारे मी कितीतरी पाहिलेत. पण ४० वेट म्हणजे ५००, सरळ सव्वापट दाट. चारशेला जवळचं तेल ३० आणि ३५ वेटच्या मध्ये येतं.

२. बाटलीवरचा आकडा २५ अंशांचा धरतात. एप्रिलमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो. शॉकचं सिलिकॉन तेल खनिज तेलापेक्षा कमी बदलतं, तरी अशा दुपारी ५०० चं तेल ४०० सारखं वागू लागतं. डिसेंबरच्या सकाळी उलटं. म्हणून परदेशी सेटअप शीट उतरवण्याआधी तिथलं तापमान बघावं.

३. सीएसटी छापलेलंच नसेल तर घरी ताडून बघता येतं, आणि मला हे काम फार आवडतं. दोन सारख्या परीक्षानळ्या घ्या. एकीत माहितीचं तेल, दुसरीत अनोळखी, सारख्याच उंचीपर्यंत. बुडबुडे निघून जाईपर्यंत दोन्ही एकाच खोलीत रात्रभर ठेवा. मग दोन मिलिमीटरची बेअरिंगची गोळी नळीच्या बरोबर मधोमध सोडा आणि मोबाइलवर स्लो मोशनमध्ये टिपा. ३५० च्या तेलात ती डोळ्यांना दिसेल अशा बेताने खाली उतरते. अनोळखी तेलात दीडपट वेळ लागला, तर ते जवळजवळ दीडपट दाट.

४. मिसळताना सरासरी काढू नका. २०० आणि १००० निम्मं-निम्मं घेतलं तर ६०० होत नाही, साडेचारशेच्या आसपास येतं. जवळजवळच्या आकड्यांना मात्र साधी सरासरी चालते.

५. मोटारसायकलचं फोर्क ऑइल नको. ते कुठल्याही स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतं, स्वस्तही पडतं. पण त्यातल्या खनिज तेलाने शॉकमधल्या सिलिकॉनच्या ओ-रिंग फुगतात आणि शाफ्ट अडकतो.

६. दोन गाड्यांची तुलना करताना शॉकमधल्या पिस्टनची भोकं आधी मोजा. १.२ मिलिमीटरचं भोक १.३ झालं, तर तेलाला वाट कितीतरी मोकळी होते. मग दोघांनी एकाच बाटलीतलं तेल भरलं तरी गाड्या उडीनंतर वेगवेगळ्या बसतात.