मृत्यूला काय हवे असते?

शास्त्रपाठ : रोम. ५:१२-१७, १ करिंथ. १५:२०-२६, योहान ११:३२-४४

धारजवळ तिरला येथे एका घरी आम्ही सांत्वनाच्या प्रार्थनेस गेलो होतो. घरची आजी नुकतीच प्रभूमध्ये निजली होती. प्रार्थना आटोपल्यावर मोबाइल हाती धरून बसलेल्या नातवाने विचारले, "काका, मृत्यूला काय हवं असतं?" मोठ्यांनी त्याला गप्प केले. परंतु प्रश्न खरा होता.

त्याच्या खेळातला मृत्यू म्हणजे विळा घेतलेला सांगाडा. १९८६ साली निघालेल्या 'कॅसलव्हेनिया' या जपानी खेळात तो ड्रॅक्युलाचा एकनिष्ठ सेवक आहे. त्यावरील चित्रमालिकेच्या २०२१ च्या भागांत मात्र तो भुकेला आहे. माणसे मरावीत व आपले पोट भरावे, एवढाच त्याचा हेतू. 'डार्कसायडर्स'च्या दुसऱ्या खेळात (२०१२) तो स्वतःच नायक असून, भावावरील आरोप पुसावा म्हणून नष्ट झालेल्या मानवजातीला परत आणू पाहतो. आपल्याकडील सावित्रीच्या कथेतही यम ऐकून घेतो, वर देतो. ज्याला हेतू आहे त्याला विनवता येते, हरवता येते. म्हणून माणूस मृत्यूला चेहरा देतो.

शास्त्रही मृत्यूला व्यक्तीसारखे रंगवते. पौल त्याला राज्य करणारा म्हणतो, शत्रू म्हणतो. हबक्कूक २:५ मध्ये तो कधी तृप्त होत नाही. पण त्याचे मन शास्त्र उघडून दाखवत नाही. प्रकटी. ६:८ मधील स्वाराचा अधिकार त्याला दिलेला आहे, स्वतःचा नव्हे, आणि प्रकटी. २०:१४ मध्ये त्याचा शेवटही ठरलेला आहे.

आम्ही त्या मुलाला म्हणालो, "बाळा, मृत्यूचा तुझ्या आजीवर राग नव्हता, लोभही नव्हता."

"मग देवाने नेलं?"

या प्रश्नाला घाईने उत्तर देऊ नये. आम्ही त्याला लाजराच्या कबरेपाशी प्रभू रडला, तो भाग वाचून दाखवला. मृत्यू ज्याला प्रिय आहे तो कबरेपाशी रडत नाही. आणि प्रभू रडून थांबला नाही. धोंड काढा, असे त्याने सांगितले. मुलगा बराच वेळ गप्प बसला, मग आजीच्या खाटेजवळ जाऊन रडला. त्याला कोणी अडवले नाही.

मनन व चर्चेसाठी :
१. मुलांच्या अशा प्रश्नांना आपल्या घरी काय उत्तर मिळते?
२. शोक करणाऱ्यास "देवाची इच्छा" असे पटकन सांगण्यापूर्वी आपण त्याच्याबरोबर रडतो काय? (रोम. १२:१५)